साक्षीचं समन्स आलं तर

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला आमच्यातली एक बाई उशिरा आली. हातात चार घड्या घातलेला कन्नडमधला कागद. बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, बगा की ओ हे काय हाय. मी काय केलंय म्हणून कोर्टानं बोलावलंय?" तिनं काहीच केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या घरी चोरी झाली होती. पोलिसांनी पंचनाम्याला पंच म्हणून हिची सही घेतली होती. आता त्या सहीबद्दल साक्ष द्यायची होती, इतकंच. पण तो कागद आल्यापासून तिला दोन रात्री झोप नव्हती आणि घरात कुणाला सांगायची हिंमतही नव्हती. त्या दिवशी हप्त्याचं काम बाजूला ठेवून मी तिला जे सांगितलं, तेच इथं लिहिते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात असे कागद मराठी घरांत रोज येतात, आणि ते वाचून दाखवणारं माणूस प्रत्येक घरात नसतं.

मी उचगाव फाट्याजवळ पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवायचं काम करते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. कन्नड येतं ते बाजारापुरतं आणि बसपुरतं. २०२१ च्या पावसाळ्यात सकाळी साडेसातला दुकानासमोर वेंगुर्ला रस्त्यावर एका टेम्पोनं सायकलवरून दूध घालायला निघालेल्या माणसाला उडवलं. मी मशीनवरून उठून धावले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दोन्ही किटल्या कलंडून सगळा रस्ता पांढरा झाला होता, आणि पावसानं ते दूध गटारीकडं वाहत होतं. माणूस तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. मी पाहिलेलं पोलिसांना सांगितलं आणि साक्षीदार झाले. समन्स आलं अडीच वर्षांनी, आणि साक्ष पुरी व्हायला कोर्टात तीन खेपा झाल्या.

आधी एक गैरसमज काढते, कारण तो मला चार जणींनी विचारला. इंग्रजी सिनेमात बारा माणसं एका बाजूला बसून आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवतात, त्यांना ज्युरी म्हणतात. माझ्या मावसबहिणीची मुलगी अमेरिकेत असते. तिथं साध्या नागरिकालाच ज्युरी म्हणून बसायला समन्स येतं आणि जावंच लागतं. आपल्याकडंही इंग्रजांच्या काळापासून ज्युरी होती. मुंबईच्या नानावटी खटल्यात १९५९ मध्ये ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं आरोपीला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं आणि तिथं शिक्षा झाली. पुढं १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच राहिली नाही. त्यामुळं आपल्याला कोर्टाचा कागद येतो तो निवाडा द्यायला बोलावण्यासाठी नसतो. निवाडा जज्जसाहेब एकटे देतात. आपल्याला बोलावतात ते आपण काय पाहिलं ते सांगायला. आरोपीला शिक्षा व्हावी की सुटका, हे ओझं आपल्या डोक्यावर नाही. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली होती.

कागद हातात आला की

समन्स बहुतेक वेळा पोलीसच घेऊन येतो. कागद दोन प्रतींत असतो, त्यावर कोर्टाचा शिक्का आणि सही असते. एक प्रत आपल्याला, दुसरीच्या पाठीमागं आपली सही. ही सही म्हणजे फक्त 'मला मिळालं' एवढंच, गुन्हा कबूल केल्याची नव्हे. सही मराठीत केली तरी चालते, मी तशीच केली. आपण घरी नसलो तर घरातल्या मोठ्या माणसाकडं देऊन जातात. पूर्वीच्या कायद्यात (१ जुलै २०२४ च्या आधीच्या) घरातला प्रौढ पुरुषच लागायचा, आता प्रौढ स्त्रीकडंही देता येतं. म्हणून घरातल्या सुनांना सांगून ठेवा की असा कागद आला तर तो देवळीत ठेवून विसरायचा नाही.

कन्नड वाचता येत नसेल तर ओळखीच्या शिक्षकाकडून किंवा कॉलेजच्या पोरांकडून त्याच दिवशी वाचून घ्या. चार गोष्टी वेगळ्या चिठ्ठीवर मराठीत लिहून ठेवा: कोणतं कोर्ट, केस नंबर, तारीख-वेळ, आणि आपल्याला कशासाठी बोलावलंय. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 'साक्षी' हा शब्द कन्नडमध्येही साक्षीच आहे आणि 'आरोपी' हा आरोपीच. नावाजवळ यातला कोणता शब्द आहे, तेवढं विचारलं तरी धडधड थांबते. नावापुढं सी.डब्ल्यू. आणि एक आकडा असेल, तो पोलिसांच्या दोषारोपपत्रातला आपला साक्षीदार क्रमांक. कोर्टात साक्ष होते तेव्हा पी.डब्ल्यू. असा वेगळा नंबर पडतो. माझा सी.डब्ल्यू. पाच होता आणि साक्षीला मी पी.डब्ल्यू. तीन झाले. नंबर बदलला म्हणून घाबरू नका.

केस नंबर असला की मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये पुढची तारीख बघता येते. सोळा अक्षर-आकड्यांचा सी.एन.आर. नंबर मिळाला तर शोधायला आणखी सोपं. माझ्या भाच्यानं ते मला लावून दिलं. मधल्या एका तारखेला कोर्टाला सुट्टी आहे हे आदल्या संध्याकाळी अ‍ॅपवर दिसलं, आणि एक दिवसाचं शिवण वाचलं.

जायचंच नाही असं करू नका. समन्स मिळूनही कारणाशिवाय गैरहजर राहिलं तर कोर्ट दंड करू शकतं. पूर्वी तो १०० रुपयांपर्यंत होता, नव्या कायद्यात ५०० रुपयांपर्यंत. दंडापेक्षा वॉरंटाचा त्रास मोठा. आधी जामीनपात्र निघतं, तेव्हाही पोलीस दारात येतात आणि गल्ली बघते. खरोखर आजारी असाल, घरात बाळंतपण किंवा मयत असेल, तर समन्स आणणाऱ्या पोलिसाला किंवा सरकारी वकिलांना आधी कळवा आणि डॉक्टरचा दाखला पाठवा. कोर्टाला कारण कळलं तर ते ऐकतं.

बायकांसाठी एक जास्तीची गोष्ट. तपासाच्या वेळी जबाब घ्यायला पोलीस बाईला ठाण्यात बोलवू शकत नाहीत, तिच्या राहत्या घरीच यावं लागतं. पंधरा वर्षांखालचे मुलगे, साठच्या वरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांनाही हाच नियम. कोर्टाच्या समन्सला मात्र ही सवलत नाही, तिथं आपल्यालाच जावं लागतं. आणि अपघातात जखमीला उचलणाऱ्या माणसावर साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं हे आलंय. त्यामुळं 'नको बाई, कोर्टाचं लफडं' म्हणून रस्त्यात पडलेल्या माणसाला सोडून जाऊ नका. मी साक्षीदार झाले ती माझ्या मनानं झाले.

तारखेच्या आधीचे दिवस

पोलिसांना दिलेला जबाब आपल्या सहीचा नसतो. सही घ्यायचीच नाही असा कायदा आहे. तो कन्नडमध्ये लिहिलेला असतो, आणि आपण बोललो त्यातलं काय उतरलं हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून तारखेच्या दिवशी थोडं आधी जाऊन सरकारी वकिलांना भेटा आणि जबाबात काय आहे ते समजून घ्या. सरकारी वकील सरकारकडून खटला चालवतात, साक्षीदारानं त्यांना एक रुपया द्यायचा नसतो. आपला स्वतःचा वकील करायचीही गरज नाही. जबाबात काही चुकीचं लिहिलेलं दिसलं तर तिथंच सांगा, "मी असं म्हटलं नव्हतं." पिंजऱ्यात उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळण्यापेक्षा ते बरं.

पाठांतर मात्र करू नका. मी केलं होतं. पहिल्या तारखेच्या आधी आठवडाभर रात्री भाकरी थापताना तेच घोकायची. मग माझ्या लक्षात आलं की घोकून घोकून मला प्रसंग दिसायचा बंद झालाय, नुसती वाक्यं ऐकू येतात. तेव्हा ते सोडलं. त्याऐवजी एका सकाळी साडेसातला मशीनवर बसून समोर बघत राहिले. कुठून काय दिसतं, रस्त्याच्या कडेचा तो नळ दिसतो की झाडामागं लपतो, एवढंच पाहिलं. साक्षीत त्याचा उपयोग झाला.

आता अवघड गोष्ट. समन्स निघाल्याचं आरोपीकडच्यांनाही कळतं. माझ्याकडं टेम्पोवाल्याची आई आणि एक नातेवाईक आले. काउंटरवर कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स ठेवला. बाई रडत होती. म्हणाली, "पोराचं लगीन ठरलंय, तुम्ही नुसतं दिसलं नाही म्हणा." तिचं रडणं खोटं नव्हतं. मला आजही ते आठवलं की पोटात कालवतं. मी तिला पाणी दिलं, बॉक्स तिच्या पिशवीत परत ठेवला आणि म्हटलं, "मावशी, मी त्याच्या विरुद्ध बोलणार नाही, त्याच्या बाजूनंही नाही. बघितलं तेवढंच सांगणार." त्या गेल्यावर मी सरकारी वकिलांना ही गोष्ट कळवली. तुमच्याकडं कोणी रडत येईल, कोणी पैसे घेऊन येईल, कोणी धमकावेल. धमकी आली तर गप्प बसू नका. साक्षीदाराला खोटं बोलायला धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असलेली समिती अर्जावर निर्णय देते, आणि अर्ज कसा करायचा ते सरकारी वकील सांगतात. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. बायकांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

आणि शपथेवर खोटं सांगितलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "दिसलं नाही म्हण, काय होतंय" असं म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

कोर्टाचा दिवस

कोर्टाचं काम अकराला सुरू होतं, पण साडेदहाला पोचा. आमच्या बाजूची बस सुळगा, हिंडलगा जेलवरून बेळगावात येते. बसस्थानकावरून राणी चन्नम्मा चौकाकडं चालत गेलं तरी कोर्ट आवार लांब नाही. बायकांना कर्नाटकच्या शक्ती योजनेत सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, जून २०२३ पासून. आधारसारखं ओळखपत्र मात्र हवंच, आणि ते कोर्टातही लागतं. पिशवीत समन्स, आधार, चष्मा, रोजच्या गोळ्या, पाणी आणि भाकरी घ्या. दिवस कसा जाईल सांगता येत नाही, आणि नाव पुकारतील म्हणून लांब जेवायला जाता येत नाही.

आवारात गेल्यावर आपलं कोर्ट शोधा आणि आपल्या ठाण्याचा कोर्ट ड्यूटीवरचा पोलीस कोण, ते विचारा. सगळ्या साक्षीदारांची यादी त्याच्याकडं असते. त्याला तोंड दाखवा, मग बाहेर बाकावर बसा. आपल्या केसमधल्या दुसऱ्या साक्षीदाराची साक्ष चालू असताना आत बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. शिपाई दारात येऊन नाव पुकारतो. नावाचा उच्चार आपल्या सवयीचा नसेल, म्हणून कान देऊन ऐका. चहाला जायचं तर त्या पोलिसाला सांगून जा. फोन बंद करा. आत वाजलेला फोन जमा करून घेतलेला मी पाहिलाय.

पहिल्याच तारखेला साक्ष होईल असं धरून चालू नका. माझ्या पहिल्या खेपेला आरोपी आला नव्हता. दुसऱ्यांदा त्याच्या वकिलांनी मुदत मागितली. तेव्हा मी सकाळपासून दुपारी चारपर्यंत बाकावर बसले होते, आणि घरी येऊन रात्री बारापर्यंत लग्नाचे ब्लाऊज पुरे केले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. हजर असलेल्या साक्षीदाराला साक्ष न घेता परत पाठवू नये, पाठवायचंच तर खास कारण लिहून ठेवावं, असं कायदाच सांगतो. मला ते माहीत असतं तर मी उभी राहून हात जोडून तेवढं तरी म्हटलं असतं, "साहेब, मी दुसऱ्यांदा आलेय, आज घ्या." तुम्ही म्हणा. नम्रपणे म्हटलेलं कोर्टाला चालतं. आणि निघण्यापूर्वी बेंच क्लार्ककडं, म्हणजे कोर्टातल्या कारकुनाकडं, आपली हजेरी लागली का ते बघा, पुढची तारीख लिहून घ्या. नोकरी असेल तर हजेरीचा दाखला मागा. जाण्यायेण्याचा खर्चही मागा. सरकारी नियमाप्रमाणं साक्षीदाराला भत्ता मिळतो, त्याला कोर्टात 'बत्ता' म्हणतात. न मागता तो हातात पडत नाही.

पिंजऱ्यात

आत गेल्यावर जज्जसाहेबांना नमस्कार करायचा आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं. उभं राहवत नसेल तर खुर्ची मागा, देतात. सिनेमात दाखवतात तसा गीतेवर हात ठेवावा लागत नाही. देवाच्या नावानं शपथ घ्या किंवा नुसती प्रतिज्ञा करा, दोन्हीला किंमत सारखीच. खरं सांगेन, सगळं खरं सांगेन, खऱ्याशिवाय दुसरं सांगणार नाही, एवढंच.

शपथ झाली की लगेच, पहिल्या प्रश्नाच्या आधी, भाषेचं सांगून टाका. माझं वाक्य मी आदल्या रात्री शेजारच्या अक्कांकडून घेतलं होतं: "नन्ग कन्नड छलो बरंगिल्लरी, मराठियाग हेळ्तेनरी." मला कन्नड नीट येत नाही, मराठीत सांगते. या भागातल्या बऱ्याच वकिलांना मराठी कळतं, कर्मचाऱ्यांनाही कळतं. पण जज्जसाहेब बदलीवर लांबून, दक्षिणेकडून आलेले असू शकतात. माझ्या वेळी तसंच होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कोर्टातल्याच एका मराठी येणाऱ्या कर्मचाऱ्याला दुभाष्या म्हणून उभं केलं. आपल्याला कन्नड थोडं येतं म्हणून मोठेपणानं किंवा लाजेनं कन्नडमध्ये सुरू करू नका. मिरची-कोथिंबीर घेण्याचं कन्नड आणि एका माणसाचा जीव कसा गेला ते सांगण्याचं कन्नड यात फार अंतर आहे. आणि यात कोणत्या भाषेचा अपमान नाही. कोर्टाची भाषा कन्नड आहे, साक्ष तिच्यातच लिहिली जाते. पण बोलायचं आपण आपल्या भाषेत. साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलला तर जमल्यास त्याच भाषेत लिहावं, नाहीतर साक्ष चालू असतानाच कोर्टाच्या भाषेत खरं भाषांतर करावं, अशी कायद्यात सोय आहे.

दुभाष्या असला तर एकेक वाक्य बोलून थांबा. नात्याचे शब्द जपून वापरा. आपण 'ताई' म्हणजे थोरली बहीण म्हणतो, कन्नडमध्ये 'तायि' म्हणजे आई. "ताईनं मला सांगितलं" हे घाईत "आईनं सांगितलं" होऊन बसतं. सरळ "माझी मोठी बहीण" म्हणा.

आधी सरकारी वकील विचारतात, ती सरतपासणी. नाव, वय, काम, कुठं राहता, त्या दिवशी काय पाहिलं, आरोपीला ओळखता का. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगा. लोक काय म्हणत होते ते सांगू नका, कुणी विचारल्याशिवाय. अंदाजाचे आकडे देऊ नका. मला टेम्पोचा वेग विचारला. मी म्हटलं, "किलोमीटर मला कळत नाहीत. जोरात होता, बसला मागं टाकून आला." तेवढं पुरे झालं. 'माहीत नाही' आणि 'आठवत नाही' हे दोन वेगळे आहेत. टेम्पोचा पूर्ण नंबर मी पाहिलाच नव्हता, तिथं 'माहीत नाही'. आरोपीच्या शर्टाचा रंग पाहिला होता पण विसरले, तिथं 'आठवत नाही'. दोन्ही सांगण्यात कमीपणा नाही.

मग उलटतपासणी. तिला कन्नडमध्ये 'पाटी सवालु' म्हणतात, तो शब्द कानावर आला की आपली पाळी समजा. आरोपीचे वकील आवाज चढवतील, तेच तेच विचारतील. त्यांचं ते काम आहे. त्यांच्याकडं बघून रागावू नका, उत्तर जज्जसाहेबांकडं बघून द्या. "तुम्ही त्या वेळी दुकानात नव्हताच" असं ते ठासून म्हणतात. तो आरोप नसतो, त्यांच्या बाजूचं म्हणणं तुमच्यापुढं ठेवायची ती रीत आहे. कागदावर ते 'असं म्हटल्यास बरोबर', नाहीतर 'असं म्हटल्यास बरोबर नाही' या साच्यात उतरतं: 'एंदरे सरि', 'एंदरे सरियल्ल'. म्हणजे आपल्या एका होकार-नकारावर सगळं. आणि इथंच मराठी माणूस फसतो. "तुम्ही धडक बसताना पाहिलं नाही ना?" असं विचारलं की आपण सवयीनं "हो" म्हणतो आणि मनात असतं "हो, पाहिलं". लिहिलं जातं, 'पाहिलं नाही हे बरोबर'. म्हणून उलट्या प्रश्नाला नुसतं हो-नाही देऊ नका. पूर्ण वाक्य बोला: "मी धडक बसताना पाहिली." प्रश्न कळला नाही तर "परत सांगा" म्हणा. वकील "हो की नाही, एवढंच सांगा" म्हणून घाई करतात, तेव्हा जज्जसाहेबांना विचारा, "पूर्ण सांगू का?" मला सांगू दिलं.

सहीच्या आधी

मी हे लिहायला बसले ते खरं तर या भागासाठी. साक्ष संपते, टायपिस्ट कागद काढतो, पानं समोर येतात आणि शिपाई सहीची जागा दाखवतो. सकाळपासून ताटकळलेलं माणूस सुटलो म्हणून भराभरा सह्या करतं. तसं करू नका. हात मागं घ्या आणि म्हणा, "वाचून दाखवा, मराठीत." हा आपला हक्क आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २७८, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१३. साक्ष पुरी झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची. ज्या भाषेत लिहिली ती त्याला येत नसेल तर त्याच्या भाषेत समजावून सांगायची. त्यानं चूक दाखवली तर न्यायाधीशांनी दुरुस्त करायची, किंवा त्याची हरकत लिहून ठेवायची.

माझं वाचताना दुसऱ्या पानावर 'एडगडे' असा शब्द कानावर आला. एडगडे म्हणजे डावीकडं आणि बलगडे म्हणजे उजवीकडं. हे दोन शब्द मला पक्के माहीत, ट्रकचे क्लीनर दिवसभर दुकानासमोर ओरडत असतात. मी म्हटलं, "हे काय लिहिलंय?" दुभाष्यानं सांगितलं, टेम्पो डाव्या बाजूनं येत होता. माझ्या अंगावर काटा आला. डाव्या बाजूनं म्हणजे आपल्या योग्य बाजूनं. मग सायकलवालाच चुकीचा ठरला की! आणि चूक माझी होती. सांगताना मी डावा हात लांब करून म्हटलं होतं, "असा डावीकडनं आला." दुकानात रस्त्याकडं तोंड करून बसलेल्या माझ्या डावीकडनं, म्हणजे बेळगावकडून. टेम्पो तर बसला मागं टाकताना स्वतःच्या उजव्या अंगाला, माझ्या दुकानाच्या कडेला आला होता, आणि सायकलवाला त्या कडेनं, आपल्या बरोबर बाजूनं, बेळगावला निघाला होता. हात कागदावर उमटत नाही. कागदावर उरतो तो नुसता शब्द.

मी ते सगळं पुन्हा सांगितलं, बेळगाव कुठं, उचगाव कुठं, दुकान कोणत्या कडेला. आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली की साक्षीदार आता बदलतेय. जज्जसाहेबांनी मला दोन प्रश्न विचारले, दुरुस्ती लिहून घेतली, वकिलांची हरकतही लिहून घेतली. मग मी सह्या केल्या, प्रत्येक पानावर, मराठीत. सगळं मिळून दहा मिनिटं गेली असतील. मागं बसलेलं कोणी तरी उसासा टाकत होतं, पण जज्जसाहेब चिडले नाहीत.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगते: डावं-उजवं म्हणू नका. गावाची नावं घ्या, देवळाचं, झाडाचं, दुकानाचं नाव घ्या. "बेळगावकडून येणारा", "मळेकरणीच्या देवळाकडं जाणारा". आणि हातवारे करायचेच असतील तर तोंडानं तेच बोलत करा.

त्यानंतर

साक्ष झाली की आपण मोकळे. निकालाला यावं लागत नाही. निकाल कधी लागला ते कोणी घरी कळवत नाही, अ‍ॅपवर बघावं लागतं. कोर्टाला गरज वाटली तर झालेल्या साक्षीदारालाही पुन्हा बोलावता येतं. असं क्वचित होतं, पण समन्सची प्रत आणि तारखांची चिठ्ठी टाकून देऊ नका. माझी दोन्ही मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डब्याखाली आहेत.

वय झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या साक्षीदारांसाठी व्हिडिओवरून साक्ष घ्यायची सोय नव्या कायद्यात आहे. घरात असं कोणी असेल तर समन्स आल्याबरोबर सरकारी वकिलांकडं विचारा, तारखेच्या दिवशी नको.

बचत गटातल्या त्या बाईची तारीख येत्या गुरुवारी आहे. पंचनाम्याच्या वेळी कपाट कोणत्या भिंतीला होतं आणि कुलूप कसं तुटलेलं होतं, ते तिनं मला दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा एकदाही हात हलवला नाही. "नन्ग कन्नड छलो बरंगिल्लरी" तिला पाठ झालंय. साडेनऊच्या बसला आम्ही दोघी निघणार, भाकरी माझ्याकडून आणि झुणका तिच्याकडून.